भारतातील तेलबियांचा शिल्लक साठा

भारतातील तेलबियांच्या उत्पादनाची १९५०-५१ पासूनची अखंड आकडेवारी अभ्यासकाला उपलब्ध आहे. त्या वर्षी देशात ५१.६ लाख टन तेलबिया पिकल्या. १९६०-६१ मध्ये ६९.८ लाख, १९७०-७१ मध्ये ९६.३ लाख आणि १९८०-८१ मध्ये ९३.७ लाख टन. तेलबियांच्या अर्थकारणाचा इतिहास बहुधा याच आकड्यांच्या आधारे लिहिला गेला आहे. परंतु या आकड्यांशेजारी तेलाच्या टंचाईची व भाववाढीची वर्षे मांडून पाहिली, तर दोहोंचा मेळ बसत नाही. पीक बुडालेल्या वर्षी बाजार तुलनेने शांत आणि पीक सावरलेल्या वर्षी रस्त्यावर दंगल, असे विपरीत चित्र दिसते. ही विसंगती पिकाच्या आकड्यांनी उलगडत नाही. तिचा उलगडा एका पिकाच्या अखेरीस दुसऱ्या पिकासाठी काय उरले, या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तेलाच्या व्यापारात वर्ष नोव्हेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत मोजतात. मागील वर्षाची शिल्लक आणि चालू वर्षाचे पीक ही जमेची बाजू. गाळप, बियाणे, खाणे व निर्यात ही खर्चाची बाजू. दोहोंतील अंतर म्हणजे पुढील वर्षाची शिल्लक. हिशेब सोपा आहे. मात्र ही शिल्लक एका ठिकाणी नसते. थोडी शेतकऱ्याच्या घरात पोत्यांत, थोडी आडत्याच्या वखारीत, थोडी गिरणीच्या आवारात बियांच्या रूपाने, थोडी तेलाच्या टाक्यांत आणि थोडी वनस्पती तुपाच्या डब्यांत, अशी ती विखुरलेली असते. पिकाचा अंदाज पीककापणीच्या प्रयोगांवरून बांधता येतो; या विखुरलेल्या शिलकेची मोजदाद सर्वांत कठीण आहे.

शिलकेचा विचार करताना मालाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. जवस, तीळ, मोहरी, एरंडी हे दाणे कोरडे ठेवल्यास बरेच दिवस टिकतात. भुईमूग शेंगेत असेपर्यंत टिकतो. शेंग फोडून दाणे केले की त्याला कीड लागते, दाणा खवट होतो आणि दमट हवेत बुरशी धरते. या बुरशीच्या विषाची, म्हणजे अफ्लाटॉक्सिनची, ओळख जगाला १९६० मध्ये इंग्लंडातील टर्की पक्ष्यांच्या मृत्यूंमुळे पटली. ते पक्षी ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर पोसले जात होते. शेंगांच्या रूपाने साठा करावा तर टरफलांमुळे वखारीतील जागा अधिक लागते आणि भाडे वाढते. म्हणून भुईमूग एका पावसाळ्यापलीकडे धरून ठेवणे हा व्यापाऱ्यांना कधीच सोयीचा धंदा वाटला नाही. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात देशाच्या तेलबियांत निम्म्याहून अधिक वाटा भुईमुगाचा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या गैरसोयीचे महत्त्व कळते.

यात भर पडते ती बियाण्याची. भुईमुगाला हेक्टरी सुमारे शंभर किलो दाणे पेरावे लागतात. १९७२ च्या सुमारास देशात सत्तर लाख हेक्टरांवर भुईमूग होता. म्हणजे सात लाख टन दाणे, शेंगांच्या हिशेबाने सुमारे दहा लाख टन, केवळ पुढील पेरणीसाठी बाजूला ठेवावे लागत. ही मागणी पीक बरे येवो वा वाईट, फारशी बदलत नाही. १९७१-७२ मध्ये ६१.८ लाख टन शेंगा झाल्या. दुष्काळाच्या १९७२-७३ मध्ये ४०.९ लाख. पिकाची घट एक-तृतीयांश दिसते. पण दोन्ही रकमांतून बियाण्याचे दहा लाख वजा केले तर खाण्यासाठी व गाळपासाठी एका वर्षी सुमारे ५२ लाख आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ३१ लाख टन उरतात. घट दोन-पंचमांशांवर जाते. ज्वारीला बियाणे अगदी थोडे लागते. त्यामुळे तिच्या बाबतीत असा विस्तार होत नाही. शिवाय हे बियाणे शेतकऱ्याच्याच घरी असते आणि दुष्काळात ते विकण्याचा अथवा खाण्याचा मोह मोठा असतो. तसे झाले की पुढील वर्षीचे पेरणीक्षेत्रही घटते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न जाणवला नाही, याचे कारण त्या काळी तेलबिया हा मुख्यतः निर्यातीचा माल होता. क्रिमियाच्या युद्धामुळे (१८५४-५६) रशियाचे जवस ब्रिटनला मिळेनासे झाले आणि हिंदुस्थानच्या जवसाला मागणी आली. पुढे लोहमार्ग वऱ्हाड-नागपूरपर्यंत पोहोचले, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई हे बियांच्या निर्यातीचे मोठे बंदर बनले. रॅली ब्रदर्ससारख्या पेढ्या आतल्या गावांपर्यंत खरेदी करीत. भुईमूग पाँडिचेरीहून मार्सेयच्या गिरण्यांकडे जात असे. या व्यवस्थेत चांगल्या वर्षी जहाजे अधिक भरत आणि वाईट वर्षी कमी. वार्षिक चढउताराचा भार निर्यात उचलत होती. देशातील घाणीवर गाळले जाणारे तेल त्यामुळे बऱ्याच अंशी सुरक्षित राहिले. अर्थात शेतकऱ्याला मिळणारा भाव मात्र मार्सेय आणि हल येथील मागणीवर ठरत असे, आणि अर्जेंटिनाचे जवस बाजारात उतरल्यावर हिंदुस्थानी जवसाचे स्थान ढळले. १८९० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातील भुईमूग रोगाने खचला, तेव्हाही बाहेरून, म्हणजे सेनेगल व मोझांबिक येथून, नव्या जाती आणून तो पुन्हा उभा करावा लागला. खानदेशातील भुईमुगाचा पुढील विस्तार या पुनरुज्जीवनानंतरचा आहे.

ही निर्यातीची झडप दुसऱ्या महायुद्धाने बंद केली. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि मार्सेयची बाजारपेठ गेली. प्रथम माल तुंबला व भाव कोसळले. काही काळातच युद्धकालीन चलनवाढीने चित्र उलटे केले. १९४३ मध्ये सरकारने तेलबियांचे वायदे व्यवहार हुकुमाने बंद केले. दरम्यान १९३७ मध्ये बाजारात आलेल्या ‘डालडा’ने वनस्पती तुपाच्या उद्योगाला चालना दिली होती, आणि या उद्योगाला वर्षाचे बाराही महिने तेल हवे होते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तेलबियांची मागणी देशांतर्गत झाली होती, पण चढउतार झेलणारी यंत्रणा तिच्या मागे उरली नव्हती. निर्यातीची जागा आता साठ्याने घ्यायला हवी होती.

ती जागा साठ्याने घेतली नाही, याची कारणे केवळ निसर्गात नाहीत. स्वतंत्र भारताच्या कायद्याने साठ्याकडे दोन डोळ्यांनी पाहिले. एका डोळ्याने त्याला गरज दिसत होती: गोरवाला समितीच्या १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी अहवालाने वखारींचे जाळे उभारण्याची शिफारस केली आणि १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. दुसऱ्या डोळ्याला त्यात गुन्हा दिसत होता: १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि रिझर्व्ह बँकेने १९५६ पासून सुरू केलेल्या निवडक पतनियंत्रणाच्या कक्षेत पुढे तेलबियाही आल्या. मराठी भाषेतही ‘साठा’ या शब्दापासून ‘साठेबाजी’ हा शब्द बनायला फार वेळ लागला नाही, आणि वर्तमानपत्रांत पहिल्यापेक्षा दुसराच अधिक रूढ झाला. व्यापाऱ्यांचे वर्तन पाहता तो शब्द निराधार होता असे नाही. तथापि सुगीत माल घेऊन पावसाळ्यापर्यंत धरणारा व्यापारी आणि टंचाई पाहून माल दडवणारा व्यापारी यांच्यातील भेद कायद्याला करता आला नाही.

वायद्यांचे तसेच झाले. श्रॉफ समितीच्या शिफारशींवरून १९५२ चा वायदे करार नियमन कायदा झाला आणि १९५३ मध्ये मुंबईत वायदा बाजार आयोग आला. वायदे व्यवहारामुळे साठा करणाऱ्याला पुढील भावाची हमी आधीच बांधता येते. त्यामुळे साठ्याची जोखीम कमी होते, हा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रमुख तेलबियांचे वायदे बंद करण्यात आले. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये या प्रश्नाचा फेरविचार केला. पण तोवर दोन दुष्काळांचे सावट पडले होते. १९६४-६५ मध्ये भुईमूग ६० लाख टन झाला होता. पुढच्याच वर्षी तो ४२.६ लाख टनांवर आला. अशा वेळी वायद्यांच्या बाजूने बोलणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. परिणाम असा झाला की साठा करण्यासाठी लागणारे भांडवल महाग, त्याची जोखीम उघडी आणि त्याची कायदेशीर स्थिती संशयास्पद झाली. ज्यांना या तिन्हींची पर्वा करावी लागत नव्हती अशा मोजक्या धनिकांच्या हाती साठा एकवटला. सौराष्ट्रातील ‘तेलिया राजा’ ही पदवी या परिस्थितीतून जन्मली. नियंत्रणांनी साठेबाजीला आळा घालायचा होता. त्यांनी किरकोळ साठेदाराला हटवून मोठ्याला मैदान मोकळे करून दिले, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे.

१९७३-७४ चे वर्ष या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या खानावळीच्या वाढलेल्या बिलाविरुद्ध आंदोलन केले आणि जानेवारीत ते नवनिर्माण आंदोलन म्हणून गुजरातभर पसरले. फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेलांचे मंत्रिमंडळ गेले. भुईमुगाच्या तेलाचे भाव हे जनतेच्या रोषाचे एक प्रमुख कारण होते, आणि तेलव्यापाऱ्यांशी सरकारचे संगनमत असल्याचा आरोप उघडपणे झाला. आता पिकाचे आकडे पाहावेत: १९७२-७३ च्या दुष्काळात ४०.९ लाख टनांवर गेलेला भुईमूग १९७३-७४ मध्ये ५९.३ लाख टनांवर आला होता. म्हणजे आंदोलन पेटले तेव्हा देशात नवे आणि बऱ्यापैकी पीक येऊन पडले होते.

केवळ पिकाकडे पाहणाऱ्याला यातून एकच अनुमान काढता येते, की माल दडवला गेला. ते अनुमान अंशतः खरे असेल. परंतु मागील वर्षी ३१ लाख टनांवर भागवलेल्या देशात नोव्हेंबर १९७३ मध्ये शिल्लक जवळजवळ शून्यावर आलेली असणार, हेही तितकेच उघड आहे. नव्या पिकाचा पहिला हिस्सा गिरण्यांच्या रिकाम्या टाक्या, आडत्यांच्या रिकाम्या वखारी आणि शेतकऱ्यांची संपलेली बियाण्याची पोती भरण्यात जातो. किरकोळ दुकानापर्यंत तो लगेच पोहोचत नाही. त्यात त्या वर्षी देशात सर्वसाधारण महागाईचा वेग वीस टक्क्यांच्या वर होता, आणि भाव वाढतच जाणार अशी खात्री असता कोणीही माल मोकळा करण्याची घाई करीत नाही. दुष्काळाची झळ तेलाच्या बाबतीत एक वर्ष उशिराने जाणवते, ती यामुळे. दोन्ही कारणे एकमेकांना खोडत नाहीत. रिकाम्या साठ्याविना साठेबाजी फायदेशीर ठरलीच नसती.

१९७५-७६ मध्ये भुईमूग ६७.६ लाख टनांवर गेला, भाव घसरले आणि शेतकरी नाडला गेला. ते जादा पीक धरून ठेवणारी सार्वजनिक यंत्रणा कोठेही नव्हती. पुढच्या वर्षी पीक ५२.६ लाख टनांवर उतरले तेव्हा शासनाने वेगळा मार्ग पत्करला: राज्य व्यापार महामंडळामार्फत परदेशी तेल आणावयाचे व ते रास्त भावाच्या दुकानांतून आणि वनस्पती उद्योगाला वाटून द्यावयाचे. १९७७-७८ मध्ये आयात दहा लाख टनांच्या पुढे गेली. एका अर्थाने एकोणिसाव्या शतकाची झडप पुन्हा बसवली गेली, फक्त उलट्या दिशेने. तेव्हा वाढावा जहाजाने बाहेर जात होता. आता तूट जहाजाने आत येऊ लागली.

याला अपवाद म्हणावा असा एकच प्रयत्न झाला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली १९७९ मध्ये तेलबिया उत्पादकांच्या सहकारी संघांचा प्रकल्प हाती घेतला. कॅनडा व अमेरिका येथील सहकारी संस्थांनी भेट दिलेल्या तेलाच्या विक्रीतून त्याचे भांडवल उभे राहिले. १९८६ मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि १९८८ मध्ये ‘धारा’ तेल बाजारात आले. योगायोगाने १९८८-८९ चा पावसाळा उत्तम झाला. १९८७-८८ मध्ये १२६.५ लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन एका वर्षात १८०.३ लाख टनांवर गेले आणि भुईमूग ५८.५ लाखांवरून ९६.६ लाखांवर. १९८९ मध्ये सरकारने मंडळाला बाजारहस्तक्षेपाचे काम सोपवले: भावाची एक खालची आणि एक वरची मर्यादा ठरवायची, भाव खाली गेला की खरेदी करून साठवायचे, वर गेला की तो साठा सोडायचा. साठा हे दडवण्याचे नव्हे, भाव स्थिर ठेवण्याचे साधन आहे, ही भूमिका भारतीय तेलबियाधोरणात अधिकृतपणे प्रथमच व्यवहारात उतरली. या वर्षांत आयातही मोठ्या प्रमाणात घटली. हे यश मोहिमेचे, पावसाचे की संरक्षित बाजाराचे, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. देशी भाव जागतिक भावापेक्षा बरेच वर ठेवले गेले होते आणि त्याची किंमत ग्राहकाने मोजली, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही.

१९९४ मध्ये पामतेल ६५ टक्के जकातीवर खुल्या आयातीत आले. १९९८ पर्यंत जकात १५ टक्क्यांपर्यंत उतरवण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलामुळे जलोदराची साथ येऊन साठाहून अधिक माणसे दगावली, आणि सुट्या देशी तेलावरील ग्राहकाचा विश्वास डळमळला. नंतरची तीन वर्षे पाहिली तर जुना नियम पुरता मोडलेला दिसतो. तेलबियांचे उत्पादन १९९८-९९ मध्ये २४७.५ लाख टन होते; १९९९-२००० मध्ये ते २०७.२ लाख आणि २०००-०१ मध्ये १८४.४ लाख टन झाले. दोन वर्षांत एक-चतुर्थांश पीक घटले. पूर्वीच्या अनुभवाप्रमाणे भाव कडाडायला हवे होते. ते उतरले, कारण जागतिक बाजारात पामतेल स्वस्त होते आणि देशाची आयात चाळीस लाख टनांच्या वर गेली होती. कोरडवाहू शेतकऱ्याला पूर्वी कमी पिकाच्या वर्षी निदान चढ्या भावाचा आधार मिळे. पीक आणि भाव एकाच वेळी जाण्याचा प्रसंग त्याच्यावर नव्याने आला. २००२-०३ मध्ये उत्पादन १४८.४ लाख टनांपर्यंत खाली गेले आणि पुढच्या वर्षी २५१.९ लाखांवर चढले. एवढ्या मोठ्या हेलकाव्यानेही शहरातील ग्राहकाला फारसा धक्का बसला नाही. देशाची वखार आता कांडला, काकिनाडा, मंगळूर येथील बंदरांवरील टाक्यांत आणि वाटेवरील जहाजांत होती.

या काळात भुईमुगाची जागा सोयाबीनने घेतली. १९८०-८१ मध्ये जेमतेम साडेचार लाख टन असलेले हे पीक २०००-०१ मध्ये ५२.८ लाख टनांवर पोचले. मध्य प्रदेशानंतर विदर्भ व मराठवाडा हा त्याचा मोठा प्रदेश. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच; बाकी पेंड. म्हणून त्याचा भाव तेलाइतकाच कोंबडीच्या खाद्यावर अवलंबून असतो. साठ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे: नीट वाळवलेला सोयाबीनचा दाणा घरात एक वर्ष सहज राहतो. शेंगांना लागणारी जागा त्याला लागत नाही. त्यामुळे साठा प्रथमच मोठ्या प्रमाणावर साध्या शेतकऱ्याच्या हाती आला.

२०२१ मध्ये त्याचा प्रत्यय आला. त्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले. हमीभाव ३,९५० रुपये होता. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली आणि नवे पीक येता येता भाव झपाट्याने खाली आले. अनेक शेतकऱ्यांनी माल बाजारात न आणता घरी ठेवला. २०२० च्या दुरुस्तीने तेलबिया व खाद्यतेले साठामर्यादेतून बऱ्याच अंशी मोकळी झाली होती. त्या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली, ऑक्टोबरमध्ये व्यापारी व गिरण्यांवर साठामर्यादा पुन्हा आल्या, आणि २० डिसेंबरला सोयाबीन, मोहरी व कच्चे पामतेल यांचे वायदे थांबवण्यात आले. ही स्थगिती पुढे वारंवार वाढवली गेली. वायदे बंद करणारा १९४३ चा हुकूम आणि ही कारवाई यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. साधन तेच राहिले.

घरी माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला पुढील हंगामांत आलेला अनुभव संमिश्र होता. त्याचा साठा गिरणीला कळत नव्हता आणि गिरणीची गरज त्याला कळत नव्हती. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असता बाजारभाव त्याच्या बराच खाली राहिला, आणि शासकीय खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. आयात तेलाची गोष्ट वेगळी आहे. बंदरांवरील टाक्यांत आणि वाटेवर किती तेल आहे, याचा आकडा तेलउद्योगाची संघटना दर महिन्याला प्रसिद्ध करते. मराठवाड्यातील घराघरांत सोयाबीनची किती पोती थप्पी लावून ठेवली आहेत, याबद्दल मात्र बाजार केवळ आवकेवरून तर्क करतो.